जीवक : राजाच्या वस्त्रावरचा डाग पाहून न हसलेला वैद्य

गेल्या वर्षावासात शिरड शहापूरला आम्ही विहारात विनयपिटकातील महावग्ग वाचायला घेतला होता. संध्याकाळी शेतातून आलेल्या बाया-माणसं, कॉलेजची पोरं, काही म्हातारी मंडळी असे पंचवीस-तीस जण बसायचे. वैद्य जीवकांची कथा सुरू होती. मगधाचा राजा बिंबिसार याला भगंदर झाला होता, इथे वाचन आले आणि मागे बसलेली पोरं खुदखुदू लागली. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले. वाचणाराही अडखळला आणि ती ओळ घाईघाईने वाचून पुढे गेला.

वाचन संपल्यावर सगळे गेले. एक ताई मात्र चपला शोधत असल्यासारख्या दाराशी रेंगाळल्या. शौचाच्या वेळी रक्त जाते, तीन वर्षे झाली, घरात कुणाला सांगितलेले नाही, एवढे त्या खाली मान घालून बोलल्या. राजालाही असला आजार होतो हे ऐकले म्हणून धीर झाला, असे त्यांनी सांगितले.

हा लेख त्या दोन गोष्टींमुळे लिहीत आहोत. पोरांचे हसू आणि ताईंची तीन वर्षे, या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या जीवकांच्या चरित्रात तो स्पष्ट दिसतो.

उकिरड्यावरचे बाळ

जीवकांचा जन्म राजगृहाचा, म्हणजे आजच्या बिहारमधील राजगीरचा. काळ तथागतांचा. त्यांची आई सालवती ही राजगृहाची गणिका होती. मूल झाल्याचे कळले तर आपला मान जाईल या भीतीने तिने गरोदरपण लपवले. मुलगा झाल्यावर दासीकरवी त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिले. बिंबिसाराचा मुलगा अभय राजकुमार त्या वाटेने जात होता. कावळे जमलेले पाहून त्याने चौकशी केली. मूल जिवंत असल्याचे कळले तेव्हा त्याने ते उचलून वाड्यात आणवले. जिवंत सापडले म्हणून जीवक आणि कुमाराने पोसले म्हणून कोमारभच्च, अशी नावाची उकल विनयपिटकात दिली आहे. काही अभ्यासक कोमारभच्च या शब्दाचा संबंध बालरोगांच्या शास्त्राशीही जोडतात.

मोठे झाल्यावर जीवकांनी अभयला आपल्या आईबापांविषयी विचारले. आई कोण ते मला माहीत नाही, मी तुला वाढवले म्हणून मीच तुझा बाप, एवढेच अभय सांगू शकला. राजघराण्यात हाती विद्या नसलेल्याचा निभाव लागणे कठीण, हे जीवकांनी ओळखले आणि कुणाला न सांगता ते तक्षशिलेला निघून गेले.

ज्याला कुळ नव्हते, त्याने विद्येची वाट धरली. आपल्या घराघरांत ही वाट ओळखीची आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जीवकांच्या धम्मदीक्षेवर वेगळे प्रकरण लिहिले आहे.

तक्षशिलेत जीवक सात वर्षे शिकले. विद्या कधी संपणार असे त्यांनी गुरूंना विचारले, तेव्हा गुरूंनी हाती कुदळ दिली. तक्षशिलेभोवती एक योजन फिरून औषधाला उपयोगी नाही अशी एक तरी वनस्पती आण, असे सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परत आले, कारण निरुपयोगी असे त्यांना काहीच सापडले नाही. गुरूंनी शिक्षण पुरे झाल्याचे सांगून वाटखर्चाला थोडे पैसे दिले.

ते पैसे साकेत नगरीत संपले. तिथल्या श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोक्याच्या आजाराने त्रस्त होती. मोठमोठे वैद्य भरपूर सोने घेऊन गेले होते, पण गुण नव्हता. या पोरसवद्या वैद्याला तिने आधी दारातूनच परत लावले. बरे वाटल्यावर द्यायचे ते द्या, आधी काही नको, असा निरोप जीवकांनी पाठवला तेव्हा तिने आत बोलावले. औषध घालून सिद्ध केलेले तूप नाकावाटे दिल्यावर आजार गेला. घरातल्या सगळ्यांनी मिळून सोळा हजार कार्षापण दिले. जीवकांनी ती पहिली कमाई राजगृहाला येऊन अभयपुढे ठेवली. अभयने ती घेतली नाही. ती तुझीच, म्हणाला, आणि आपल्याच वाड्याच्या आवारात राहायला जागा दिली.

राजाचा भगंदर

त्याच सुमारास बिंबिसार राजाला भगंदर झाला. पालित त्याला भगंदल म्हणतात. राजाच्या वस्त्रांना रक्ताचे डाग पडू लागले. ते पाहून राण्या थट्टा करू लागल्या. राजाला विटाळ आला, आता लवकरच बाळंत होणार, अशा अर्थाची ती थट्टा होती. राजा लाजेने खाली मान घालायचा. शेवटी त्याने ही गोष्ट मुलाला, अभयला सांगितली. अभयने जीवकांना पाठवले.

जीवकांनी नखात औषध घेतले, राजाकडे गेले, दुखणे पाहिले आणि एका लेपाने भगंदर बरा केला, असे महावग्गात आहे. राजाने पाचशे स्त्रियांचे दागिने उतरवून त्यांचा ढीग जीवकांपुढे ठेवला. राजाने माझी सेवा लक्षात ठेवली तरी पुष्कळ, असे म्हणून जीवकांनी तो घेतला नाही. मग राजाने त्यांना आपला, अंतःपुराचा आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाचा वैद्य नेमले.

या प्रसंगात आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ज्याच्या शब्दावर मगध चालत होते त्या माणसालाही या आजारात मान खाली घालावी लागली. थट्टाही कशावरून, तर बाईच्या पाळीवरून. म्हणजे एका लाजेला दुसरी लाज जोडलेली. दुसरी गोष्ट, जीवकांनी त्या जागेचे दुखणे डोक्याच्या किंवा पोटाच्या दुखण्यासारखेच पाहिले, तपासले आणि औषध लावले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एका लेपाने भगंदर बरा झाला ही ग्रंथातली नोंद आहे. तिच्या आधारावर आज कुणी मलम विकत असेल तर फसू नका. भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत तयार झालेली नळी. बहुतेक वेळा आधी त्या भागात गळू होते, ते फुटते किंवा फोडले जाते आणि मागे ही नळी राहते. तिच्यातून पू आणि रक्त येत राहते, कपडे खराब होतात. मध्येच तोंड बंद होते, दुखते, ताप येतो, पुन्हा फुटते. मोठ्या माणसाचा भगंदर सहसा आपोआप किंवा मलमाने भरत नाही, शस्त्रक्रिया लागते. काही वेळा मुळाशी क्षयरोग किंवा आतड्याचा जुना दाह असतो, म्हणून तपासणी महत्त्वाची.

आकाशगोत्राची सुरी आणि तथागतांचा नियम

महावग्गातच भगंदराचा आणखी एक प्रसंग आहे. त्यात जीवक नाहीत. राजगृहात आकाशगोत्र नावाचा वैद्य एका भिक्खूच्या भगंदरावर सुरी चालवत होता. तथागत विहारांची पाहणी करत तिकडे आले. त्यांना पाहून वैद्याने हाक मारली, या भिक्खूची जागा बघा, घोरपडीच्या तोंडासारखी दिसते, असे म्हणाला. हा माणूस थट्टा करतो आहे हे ओळखून तथागत काही न बोलता मागे फिरले. त्यांनी संघाला एकत्र केले. त्या जागेची कातडी नाजूक असते, जखम लवकर भरत नाही, सुरी आवरणे कठीण असते, असे कारण देऊन त्यांनी भिक्खूंसाठी तिथे शस्त्रकर्म करून घेण्यास मनाई केली. पुढे गुह्य जागेच्या दोन बोटे अंतरापर्यंत शस्त्राला बंदी झाली.

हा नियम वाचून, बुद्धांनीच ऑपरेशनला मनाई केली होती ना, असे एकाने आम्हाला विचारले. आमचे उत्तर असे. त्या काळी भूल नव्हती, जंतू म्हणजे काय हे माहीत नव्हते. गुदद्वाराभोवती शौच रोखून धरणारे गोल स्नायू असतात. भगंदराची नळी पुष्कळदा त्यांच्यातून जाते. स्नायू जास्त कापला गेला तर माणसाचा शौचावरचा ताबा जन्मभरासाठी जाऊ शकतो. आजचा शल्यचिकित्सकही याच धोक्याला सांभाळून काम करतो. नळी नेमकी कुठून जाते हे आधी पाहतो, गरज पडली तर एमआरआय करतो. स्नायू वाचवण्यासाठी काही वेळा एकदम न कापता नळीत दोरा ठेवतो. आयुर्वेदातील क्षारसूत्राची पद्धतही दोऱ्याचीच आहे आणि ती प्रशिक्षित वैद्याने करायची असते. तथागतांनी सांगितलेले कारण आजही खरे आहे. ते कारण समजून घेतले तर शिकलेल्या हाताकडे जायचे आणि अर्धवट हातापासून लांब राहायचे, एवढाच अर्थ निघतो.

अर्धवट हात आपल्याकडे कमी नाहीत. औंढ्याकडे किंवा वसमतकडे जाताना भिंती वाचत चला. मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, खात्रीने बरा, अशा रंगवलेल्या जाहिराती दिसतात. कसले तरी इंजेक्शन, कोंब जाळणारे रसायन, घट्ट बांधलेला दोरा असले उपाय अशा ठिकाणी होतात. त्यातून जखमा चिघळतात, जागा आक्रसून शौचाची वाट अरुंद होते. लोक तिथे का जातात? स्वस्त म्हणून जातात, पण त्याहून जास्त, तिथे ओळखीचे कुणी भेटणार नाही म्हणून जातात. लाजेवर चालणारा हा धंदा आहे.

सगळेच मूळव्याध नसते

आपल्याकडे त्या जागेच्या प्रत्येक दुखण्याला मूळव्याध म्हणतात. म्हणून फरक समजून घ्या.

मूळव्याधीत गुदमार्गातल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. शौचाच्या वेळी लालभडक रक्त जाते, बहुधा दुखत नाही. पुढे कोंब बाहेर येतो, आधी आपोआप आत जातो, नंतर बोटाने ढकलावा लागतो, शेवटी बाहेरच राहतो. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि थोडे थोडे रक्त जाऊन अंगातले रक्त कमी होते. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे फार महागात पडते.

फिशर म्हणजे चीर. कडक शौचाने तिथली कातडी फाटते. शौचाच्या वेळी आणि नंतर कितीतरी वेळ काचेने कापल्यासारखे दुखते, रक्त थोडेच दिसते. दुखण्याच्या भीतीने माणूस शौच टाळतो, मग ते आणखी कडक होते आणि चीर पुन्हा फाटते. नवी चीर बहुधा शौच मऊ ठेवून, कोमट पाण्यात बसून आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने भरते. सहा-आठ आठवड्यांत भरली नाही तर पुढचे उपचार लागतात.

गळू झाले तर तिथे ठणका लागतो, सूज येते, बसवत नाही, ताप येतो. इथे थांबायचे नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पू काढून घ्यायचा. मधुमेह असेल तर जंतू झपाट्याने पसरून जिवावर बेतू शकते.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कर्करोगही रक्त जाण्यानेच सुरू होऊ शकतो. रक्त शौचात मिसळून येणे, शौचाची सवय अचानक बदलणे, पोट साफ झाले नाही असे सतत वाटणे, वजन घटणे, थकवा, घरात कुणाला हा कर्करोग झालेला असणे, यातले काही असेल तर मूळव्याध समजून गप्प बसू नका. वय कमी असले तरी रक्त जात असेल तर एकदा तपासून घ्या. तपासणी काही मिनिटांची असते.

चालणे, गरम पाणी आणि जीवकांची मागणी

जीवकांनी संघाचा वैद्य म्हणून काय केले हेही पाहण्यासारखे आहे. वैशालीत भिक्खूंना उत्तम, जड भोजन मिळत होते आणि त्यामुळे ते सुस्त आणि आजारी होऊ लागले. जीवकांनी ते पाहून तथागतांकडे दोन गोष्टींची परवानगी मागितली, चालण्यासाठी चंक्रमणाची जागा आणि गरम स्नानासाठी जंताघर. तथागतांनी दोन्हीला मान्यता दिली. रोग्याला औषध देण्याच्या आधी राहणी बदलण्याचा हा विचार होता. तथागतांना रेच द्यायची वेळ आली तेव्हाही जीवकांनी तीव्र औषध दिले नाही. आधी काही दिवस शरीराला स्निग्धता दिली, मग औषध भावित केलेली कमळे हुंगायला दिली आणि शेवटी गरम पाण्याने स्नान घालायला सांगितले.

मूळव्याध आणि फिशरची मुख्य कारणे आजही बद्धकोष्ठ, कुंथणे आणि बैठी सवय हीच आहेत. भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळे आणि भरपूर पाणी यांनी निम्मे काम होते. शौचाची भावना झाली की जायचे, दाबून ठेवायचे नाही. मोबाईल घेऊन संडासात अर्धा तास बसायचे नाही, हे खास तरुणांसाठी.

पण पाणी प्या असे सांगणे सोपे आहे. आमच्या भागात हळदीच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला जवळ आडोसा नसतो. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही आणि अंधार पडेपर्यंत रोखून धरते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या खोप्यांवरही तेच. घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवते, तेव्हा भाजी संपलेली असते. तिचे बद्धकोष्ठ हा एकट्या पोटाचा आजार राहत नाही. कामाच्या ठिकाणी संडास मागणे हे म्हणूनच आरोग्याचे काम आहे आणि ते कार्यकर्त्यांनी हाती घ्यायला हवे.

औषधासाठी मुंडण

जीवकांची कीर्ती पुढे दूरवर गेली. राजगृहाच्या श्रेष्ठीचे डोके उघडून त्यांनी किडे काढल्याची, वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राच्या पोटातली आतड्याची गाठ सोडवल्याची नोंद आहे. उज्जैनचा राजा चंडप्रद्योत पांडुरोगाने आजारी होता आणि तुपाचा तिटकारा करायचा. जीवकांनी रंग आणि वास बदलून तूपच दिले आणि त्याच्या रागाला घाबरून भद्दवतिका हत्तिणीवरून पळ काढला. राजा बरा झाला आणि त्याने मोलाचे वस्त्र पाठवले. ते जीवकांनी तथागतांना दिले आणि भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची परवानगी मागितली. तोवर भिक्खू उकिरड्या-स्मशानातल्या चिंध्या शिवून वापरत. उकिरड्यावर टाकलेल्या मुलाने संघाला त्या चिंध्यांखेरीज वस्त्र घेण्याची मुभा मिळवून दिली.

याच काळात मगधात पाच रोगांची साथ होती. लोक जीवकांकडे येत, पण राजा आणि संघ यांचे काम सोडून त्यांना वेळ नव्हता. मग लोक उपचारासाठी प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे झाल्यावर चीवर सोडून घरी जाऊ लागले. जीवकांनी तक्रार केल्यावर त्या रोगांच्या माणसांना प्रव्रज्या न देण्याचा नियम झाला. समाजशास्त्र शिकलेले असल्यामुळे आम्ही या प्रसंगापाशी नेहमी थांबतो. सामान्य माणसाला दवाखाना नव्हता, म्हणून औषधासाठी मुंडण करावे लागत होते. एक वैद्य कितीही थोर असला तरी सगळ्यांना पुरत नाही. त्याला व्यवस्था लागते, आणि आज ती मागण्याचा हक्क संविधानाने आपल्याला दिला आहे.

जीवक स्रोतापन्न उपासक झाले. आपले आम्रवन त्यांनी संघाला दान दिले. देवदत्ताने लोटलेल्या दगडाच्या कपारीने तथागतांचा पाय जखमी झाला, तेव्हा त्यांच्यावर उपचार तिथेच झाले. बापाला मारून अस्वस्थ झालेल्या अजातशत्रूला जीवकांनी एका रात्री त्याच आम्रवनात तथागतांकडे नेले. राजगीरला या विहाराचे लांबट गोल दालनांचे पाये आजही पाहता येतात.

जीवकांची कथा महावग्गाच्या ज्या चीवर स्कंधकात आहे, त्यातच पुढे आणखी एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी जवळ जात नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. मग तथागतांनी भिक्खूंना सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

दाराशी रेंगाळलेल्या त्या ताईंना आम्ही दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात नेले. मूळव्याधच निघाली, पण रक्त बरेच कमी झाले होते. आता उपचार सुरू आहेत. पुढच्या वाचनाला आम्ही तोच भाग पुन्हा वाचला, सावकाश, आणि वाचून झाल्यावर वर दिलेली लक्षणे सांगितली. या वेळी कुणी हसले नाही. मागे बसणाऱ्यांपैकी एका पोराने नंतर विचारले, बापाला नेऊ का दवाखान्यात?

तरुण मित्रांनो, आपापल्या विहारात हे वाचन करा. बायांसाठी वेगळी बैठक घ्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एक दिवस बोलवा. शस्त्रक्रिया सांगितली असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा. आणि कुणी या दुखण्याविषयी बोलू लागले, तर हसू नका. सोबत जा.

नमो बुद्धाय, जयभीम.